चार मिलिमीटर

उद्यमनगरात दुपारी सगळे लेथ एका सुरात ओरडतात.
त्यातल्या तिसऱ्या शेडमध्ये इलाही मुजावरांनी
माझी सायकल हुकाला उलटी टांगली.
बकऱ्यासारखी, मी म्हणाले.
पाळण्यागत म्हणा की, ते म्हणाले.

फ्रेम एक्क्याऐंशीची. पोलादी.
रंग मोरपंखी, पण आता फक्त तिथं,
जिथं फडकं कधी पोचलं नाही.
प्रतापराव इंगवल्यांनी मला विकली.
पैसे घेतले, मोजले नाहीत.
सांगलीची शर्यत तीनदा मारली त्यांनी हिच्यावर,
बेळगावच्या शर्यतीचं मात्र विचारायचं नाही.

चाकं मी पुण्याहून मागवली,
काळी, फुंकर घातली तरी फिरत राहणारी.
मागचं बसेना.
फाटा एकशे सव्वीस, नवा आस एकशे तीस.
मधे चार मिलिमीटर.
तुरीच्या एका डाळीएवढं अंतर,
आणि त्यावर माझा अर्धा पगार अडकलेला.

"चार पायजेत म्हणून चारच ताणून भागत न्हाई, बाई.
धा ताणायचं.
सा ते माघारी घेतंय.
पोलाद हाय. आपुन कुठं हुतो, ते इसरत न्हाई."

आट्यांचा गज, दोन नट, दोन पाने.
अर्धा फेरा. थांबायचं. अर्धा फेरा.
मी दात आवळून उभी.
कुठंतरी बारीक टक् झालं,
माझ्या मानेत की फाट्यात, कळलं नाही.
मग त्यांनी नट सोडले
आणि फाटा श्वास सोडावा तसा आत आला,
आत आला, आणि एकशे तीसवर राहिला.

सरळ आहे का, ते बघायला दोरा लागतो.
समोरच्या गजरेवालीकडून आणला, वीतभर आबोलीसकट.
एका फाट्यापासून पुढं, डोक्यावरून वळसा,
परत दुसऱ्या फाट्यापर्यंत.
सीटच्या नळीपासून दोन्हीकडं अंतर सारखं.
आबोली त्यांनी खिशात ठेवली.

नवी रिम जुनीपेक्षा लहान. कितीनं?
चारनंच. मला हसू आलं.
ब्रेकचे गुटके चार खाली सरकवायचे,
खाच संपली, मग कानस.
पितळेसारखा पिवळा कीस पडला नाही,
नुसती राखाडी धूळ, चहाच्या कपात सुद्धा.
गियरचे दांडे नळीवरून काढले,
हँडलला नवे बसवले, बोटाखाली, टिक टिक करणारे.

रविवारी इंगवले आले.
चौऱ्याहत्तर वय, पायात कोल्हापुरीच.
एका बोटानं सायकल उचलली.
"वजन कुठं गेलं हिचं?"
कोणी उत्तर दिलं नाही.
मग टांग मारली, आम्ही हां हां म्हणेपर्यंत.

मी स्कूटरवर मागं.
केर्लीपर्यंत ठीक.
जोतिबाचा चढ लागला आणि
त्यांचा उजवा हात हँडल सोडून खाली गेला,
नळीपाशी,
जिथं दांडा असायचा.
बोटांनी रिकामी जागा चाचपली.
एकदा.
पुन्हा एकदा, थोडं वर.
पाय चालूच होते, जड गियरवर,
चप्पल पेडलवरून घसरत होती.
तसेच चढले. दिसलं मला.

वरच्या वळणावर ते उतरले.
घाम पुसला.
"हितं काय तर हुतं," एवढंच,
नळीवर नख वाजवत.

सोमवारी बँक सुटल्यावर मी परत तिसऱ्या शेडमध्ये.
मुजावर काही बोलले नाहीत.
खोक्यातून दांडे काढले, तेल लावलेले, कागदात गुंडाळलेले.
जणू येणारच होते मी.
"ह्याला टिक टिक न्हाई. कानानं बदलायचा.
साखळी खरखरली की जरा ढकल. गप झाली की सोड."

आता रंकाळ्याच्या कडेनं सकाळी जाते.
चाकं नवी, काळी.
हात खाली जातो, ढकलतो, जास्त होतं,
खर् खर्,
थोडं मागं.

अजून थोडं.